तिसरा भोई

जाईबाईनं पदराच्या गाठीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केलं, आणि रामदासला सगळ्यात आधी दिसला तो कुंकवाचा टिळा. कागद तेलकट झाला होता, घडीवर विरला होता, एक कोपरा तर कुठे गळूनच पडला होता. पण तिसऱ्या माणसाच्या कपाळावरचा टिळा ताजा होता, सकाळीच लावलेला. चित्र आपलंच आहे हे त्याला मग कळलं. पालखीत लोळणारा दिल्लीचा ढेरपोट्या पाहुणा, त्याच्या हातात मुंबईचा नकाशा, एका टोकाला चावा घेतलेला. पालखीखाली वेडेवाकडे झालेले चार भोई. आणि खाली ओळ, ‘खांदे आमचे, मुंबई तुमची’. साप्ताहिकात हे आलं तेव्हा गिरगावात लोक पानाच्या ठेल्यापाशी उभे राहून हसले होते. साप्ताहिकाचे संपादक नाना, मालकही तेच आणि प्रुफं वाचणारेही तेच, खुर्चीवरून उठून पाठ थोपटायला आले होते. या चित्राला कुणी कुंकू लावील हे दोघांच्याही डोक्यात आलं नसतं. रामदासला एकदम हसू आलं, आणि ओठांवर यायच्या आत त्यानं ते गिळून टाकलं.

“ह्यो माझो गणपत,” जाईबाई म्हणाली. जणू ओळख करून देत होती.

ती लालबागहून ट्रामनं आली होती आणि छापखान्याचा लाकडी जिना कठड्याला धरून चढली होती, त्यामुळे अजून धापत होती. रामदासनं स्टूल पुढे केलं. खाली रस्त्यावरून घोषणा देत एक जथा चालला होता, ‘झालाच पाहिजे’चा गजर भिंतीला आदळून वर येत होता, आणि यंत्राचा खटखटाट त्यातच मिसळत होता. जाईबाईला त्यातलं काही ऐकू येत नसावं. “येत्या सोमवारी तेचा वरीस भरता,” ती म्हणाली. “गावसून रामजी भावोजी येतले, चार माणसा येतली. भिंतीर फोटो होयो मां? माका एक बरोसो काढून दी. माणसासारखो.” मग जरा थांबून, घोषणा पुढे सरकल्यावर, हलक्या आवाजात: “खरा सांगू? माका तो दिसणा नाय आता. डोळे मिटलंय काय ह्योच येता. कान घेऊन.”

रामदास म्हणाला, “काढतो की मावशे. त्यात काय.” त्यात काय! हे दोन शब्द त्याच्या तोंडात कायमच बसलेले होते. गणपतचा फोटो नव्हता हे त्याला ठाऊक होतं. गिरणीत बदली कामगार, त्याला पितळेचा बिल्ला मिळाला होता, तसबीर नव्हे. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा एक फोटो होता, त्यात गणपत उंच म्हणून मागे उभा केलेला, आणि नेमकी कळ दाबताना तो शेजारच्याला काहीतरी सांगायला वळला, त्यामुळे तिथे एक मोठा कान आणि धुरकट डाग एवढंच उमटलं होतं. तो कान मात्र खरा होता. रामदासनं काही कान वाढवला नव्हता. थोडासाच वाढवला होता.

ती गेल्यावर त्यानं कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि डोळे मिटले. पालखी आली. पालखीखाली लांब मान, मानेत वरखाली होणारी ती घाटी, पुढे आलेले दोन दात, सुपाएवढे कान. त्यानं डोळे उघडले, खिडकीबाहेर समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीकडे पाहिलं, पुन्हा मिटले. पुन्हा तेच, आपल्याच रेघांत, आपल्याच बोरूच्या जाड-बारीक फटकाऱ्यांत. लालबागच्या चाळीत शेजारी राहून पंधरासोळा वर्षं जे तोंड रोज पाहिलं, ज्याच्याशी एकाच नळावर भांडण केलं, एकाच ताटात उपवासाच्या वऱ्या खाल्ल्या, ते तोंड कुठे गेलं? आणि त्या जागी हे कुणी आणून बसवलं?

कुणी बसवलं हे कळायला फार लांब जायला नको होतं. ते पुस्तक मागच्या फळीवर होतं. चित्रशाळेत शिकत असताना चोरबाजारात मिळालेलं, मुखपृष्ठ नसलेलं, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, कुण्या इंग्रजानं दीडएकशे वर्षांपूर्वी लिहिलेलं प्रवासाचं विनोदी पुस्तक. लिहिणाऱ्याचं नाव वाळवीच्या पोटात गेलेलं. एक जाडा साहेब गलबतातून मुंबईच्या धक्क्यावर उतरतो इथपासून तो घाट चढून पुण्याकडे जातो इथपर्यंत सगळी फजितीच फजिती, यमक जुळवून सांगितलेली, आणि पानापानाआड हातानं रंग भरलेली चित्रं. धक्क्यावर साहेबाची टोपी समुद्रात पडते. साहेबाचा केसांचा टोप माकड माडावर नेतं. साहेब आंबा खातो आणि सगळा सदरा पिवळा करून घेतो. इंग्रजी रामदासला जेमतेम कळायचं, पण चित्रांना भाषा लागत नव्हती. ती रेघ! एका फटकाऱ्यात माणूस ढेकर देताना दिसायचा. त्यानं ती चित्रं काचेखाली दिवा ठेवून गिरवली, किती वेळा कोण जाणे; हाताला त्या रेघेचं वळण लागलं, आणि पुढे हातानं ते डोळ्याला लावलं. मग ट्रामच्या थांब्यावर उभी असलेली माणसं माणसं राहिली नाहीत. कुणाचं नाक आलं, कुणाची ढेरी आली, कुणाचे गुडघे. तो त्यांच्याकडे बघत आतल्या आत खुदखुदायचा आणि स्वतःवर खूष असायचा.

त्याचं सगळ्यात आवडतं पान माहीमच्या खाडीचं. तेव्हा तिथे रस्ता नव्हता, ओहोटी बघून पाण्यातून जायचं. साहेब पालखीत बसून वाचतो आहे, पाणी गादीला लागलं आहे याचा त्याला पत्ता नाही, त्याच्या उलट्या टोपीत एक मासा पोहतो आहे, आणि चार भोई छातीभर पाण्यात. चौघांना एकच तोंड. त्या चित्रकारानं साहेबाच्या प्रत्येक सुरकुतीवर जीव टाकला होता आणि भोयांचं एक तोंड काढून चार ठिकाणी चिकटवलं होतं. फक्त तिसरा भोई चित्राबाहेर, आपल्याकडे बघतो. तो हसतो आहे असं रामदास इतकी वर्षं समजत होता. आज दुपारच्या उजेडात पान उघडल्यावर त्याला तसं खात्रीनं सांगता येईना. पाणी तोंडाशी आलेला माणूसही ओठ तसेच ताणतो. या भोयाला आई होती. तिनं हे पुस्तक पाहिलं नसणार, हे त्या साहेबाचं नशीब; तिला ट्राम नव्हती, आणि साहेब विलायतेला निघून गेला होता.

नानांनी चित्र मागितलं तेव्हा त्याला हेच पान आठवलं, आणि साहेबाच्या जागी पाहुणा बसवायला वेळ लागला नाही. भोयांना मात्र वेगवेगळी तोंडं द्यायची असं त्यानं ठरवलं. त्यात त्याला मोठेपणा वाटला होता. पहिला भोई छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी, दुसरा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, चौथा कुणीच नव्हे, आणि तिसरा गणपत. कारण वाकलेला माणूस म्हटल्यावर गणपतशिवाय दुसरं कोण सुचणार? जाईबाईच्या खोलीत दारातच पोटमाळा होता. आत शिरताना गणपतला कमरेत वाकावं लागे, मान तिरकी करावी लागे, आणि तो दारात दिसला की चुलीपाशी बसलेली जाईबाई मान वर न करता म्हणे, “डोक्या सांभाळ रे.” सकाळ-संध्याकाळ, पाळीवरून आला की, पाणी भरून आला की, मारामारी करून आला की. रामदास बुटका; तो मागोमाग ताठ चालत आत जायचा. त्याला कुणी काही सांगत नसे. लहानपणी त्याला त्याचा हेवा वाटायचा, त्या तीन शब्दांचा. पुढे नोकरी लागली, गिरगावात खोली मिळाली, लालबागला जाणं सणासुदीपुरतं उरलं, तरी गणपत म्हटलं की डोळ्यांसमोर दारातला वाकलेला माणूसच यायचा, आणि तोच त्यानं पालखीखाली नेऊन उभा केला.

गणपत रागावला नव्हता. उलट अंक घेऊन तो गिरणीभर फिरला. “बघा, आम्ही पेपरात!” रविवारी छापखान्याच्या जिन्यात हाक मारत आला, “रामदास, साल्या, माझे कान एवढे? मग मला तुझ्या पोटातलं पण ऐकू यायला पाहिजे रे!” मग इकडे तिकडे बघून, लाजत: “एकदा सरळ काढ की. आये गावाला पोरगी बघतेय. हा पेपर पाठवला तर ते लोक पोरगी घेऊन पळून जातील.” त्यानं केसांना खोबरेल चोपडलं होतं, पांढरा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटण लावलं होतं. रामदासनं त्याला याच स्टुलावर बसवलं. गणपत गंभीर झाला. इतका गंभीर की त्याच्या गळ्यातली घाटी थरथरू लागली, आणि ती थरथरते हे त्याचं त्यालाच कळून तो फिसकन हसला. पुन्हा बसवला. पुन्हा हसला. मग रामदासही हसायला लागला, मग खाली यंत्रावरची माणसं वर येऊन बघायला लागली, आणि त्या दुपारी कागदावर एक डोळा आणि सदऱ्याची कॉलर एवढंच झालं. “पुढच्या रविवारी बसू,” रामदास म्हणाला. “त्यात काय.” पुढचे रविवार मोर्च्यांत गेले. मग जानेवारी आला, मुंबईचं वेगळं राज्य करणाऱ्या त्रिराज्याची भाषा गेली आणि मुंबई दिल्लीच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर झालं, रस्ते पेटले, आणि लालबागच्या नाक्यावर गोळीबार झाला तेव्हा गणपत तिथे होता. मोर्च्यात होता की नुसता बघत उभा होता यावर चाळीत अजून वाद आहे. सगळे खाली वाकले म्हणतात. जन्मभर वाकायची सवय असलेला माणूस त्या वेळी कसा वाकला नाही, हे रामदासला कुणी सांगू शकलं नव्हतं.

त्या एका डोळ्याचा कागद सापडला असता तर! फळ्या, गठ्ठे, शाईच्या डब्यांमागची रद्दी, सगळं त्यानं उपसलं. मूळ पालखीचं चित्र निघालं, मोठ्या जाड पुठ्ठ्यावरचं, छपाईचा ब्लॉक करून परत आलेलं, कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. डोळ्याचा कागद निघाला नाही. कुणीतरी त्यात भजी बांधली असतील.

नाना चष्मा कपाळावर चढवून बघत उभे होते. “अरे, एवढं काय त्यात? पंचविशीतला तरुण काढ, जरा तेज दाखव चेहऱ्यावर. हुतात्मा आहे तो.”

“नाना, त्याला तेज नव्हतं हो. घाम होता.”

“आईला कुठला मुलगा तेजस्वी दिसत नाही?” नाना म्हणाले आणि प्रुफांकडे वळले. वाईट मनाचे नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीला मथळा लागे.

आणि रामदासनं शेवटी तसाच काढला. दुसरं काही जमेचना. खरा काढायला गेलं की हात वळणावर जायचा, कान सुटायचे, मान लांबायची. रेघ आवरली की कागदावर मेलेलं काहीतरी उरायचं. म्हणून त्यानं कोळशानं, कपड्याच्या बोळ्यानं घासून घासून, सावल्या मऊ करत एक चेहरा उभा केला. भुवया ठीक, नाक ठीक, ओठ मिटलेले, कान बेताचे. दिनदर्शिकेवर शोभावा असा. मारून मुटकून तो स्वतःला सांगत राहिला, की थोडासा गणपत आहे, डोळ्यांच्या बाजूला आहे, लांबून आहे.

लालबागला तो शनिवारी दुपारी गेला. चाळीच्या जिन्यात ओल्या कपड्यांचा आणि सुकटीचा तोच वास. आत जाताना त्यानं पोटमाळ्याकडे पाहिलं. तुळईच्या कडेवर मधोमध एक काळपट, गुळगुळीत डाग होता, बरीच वर्षं एकाच जागी डोकं आपटून झालेला. खोबरेलाचा. त्यानं बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. जाईबाईनं हात पुसले, चित्र दोन्ही हातांत धरलं, दाराच्या उजेडात नेलं. खूप वेळ पाहिलं. गणपतची बहीण नलू, जी करी रोडहून दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, ती मागून डोकावली आणि परत तांदूळ निवडायला बसली.

“बरो आसा,” जाईबाई शेवटी म्हणाली. पाहुण्याच्या मुलाला म्हणावं तसं, मनापासून. “चांगल्या घरचो दिसता. खयचो रे ह्यो?”

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. रामदासच्या कानशिलांवर रक्त चढलं. जमीन फाटून आत जावं म्हटलं तर तो पहिल्या मजल्यावर होता, खाली दुसऱ्यांची खोली होती. “मावशे, मला तो येत नाही,” तो म्हणाला. “मी खूप केलं. मला पण तसाच दिसतो, पालखीखालचा. मी त्याला कधी नीट बघितलाच नाही गं.” त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या घालील, तिच्या शिव्या साऱ्या चाळीला माहीत होत्या. ती उठली, देवाच्या फळीवरून ते कात्रण घेतलं, आणि मांडीवर ठेवून त्यावरून बोट फिरवू लागली, तिसऱ्या भोयाच्या पाठीवरून, जशी मुलाच्या पाठीवरून फिरवावी.

“मगे ताच आण,” ती म्हणाली. “मोठा आसात मां तुझ्याकडे? ताच आण. खालची ती अक्षरा नको. आणि तेच्या खांद्यावरचा ता काढून टाक. वरीसभर उचलून ऱ्हवलो हा माझो झील. आता पुरे.”

या रविवारी छापखाना बंद होता. मूळ पुठ्ठा टेबलावर आडवा टाकून रामदासनं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. चुकलेली रेघ झाकायला चित्रकार हाच रंग वापरतात. कागदावर त्याचा पोपडा दिसतो, पण ब्लॉकमध्ये उतरत नाही, त्यामुळे छापलेल्या चित्रात माणूस कधी चुकलेलाच नसतो. एरवी तो या बाटलीला हातही लावत नसे. चूक न करणं हा त्याचा माज होता. आधी पाहुणा गेला. अंगठ्या, ढेरी, नकाशाचा तो चावा, ज्याच्यावर तो इतका खूष झाला होता, सगळं कुंचल्याच्या चार हातांत गेलं, आणि त्याला काही वाटलं नाही. मग पालखी. मग जुळारी, इस्त्रीवाला, चौथा. मग अक्षरं. खांद्यावरची दांडी पुसताना मात्र त्यानं बारीक कुंचला घेतला, कारण तिथे रेघ गणपतच्या मानेला चिकटून गेली होती. कानांना त्यानं हात लावला नाही. रंग सुकेपर्यंत तो खिडकीत जाऊन उभा राहिला. वळून पाहिलं तेव्हा एवढ्या मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकटा माणूस वाकून उभा होता, मान तिरकी, ओझं नसलेला. तो कुठे, कुठल्या दारात उभा आहे हे रामदासला लगेच कळलं. कळलं आणि तो स्टुलावर बसला, त्याच स्टुलावर.

सोमवारी विधी आटोपले होते. रामजी भावोजी आणि गावची माणसं जेवून गॅलरीत पान खात बसली होती, नलू भांडी विसळत होती. चौकट रामदासनंच खिळ्याला अडकवली, दाराच्या समोरच्या भिंतीवर, कारण जाईबाईनं तीच जागा सांगितली. समईच्या तिरप्या उजेडात पांढऱ्या रंगाचा पोपडा उठून दिसत होता; नीट पाहिलं तर पालखीचा आकार अजून कळत होता, पाहुण्याची ढेरीसुद्धा. ते काही जायचं नव्हतं. जाईबाईनं भोयाच्या कपाळाला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि मागे सरकून बसली. रामदासनं वाट पाहिली. कशाची, ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं. तिनं बरं म्हणावं, निदान वाईट म्हणावं. मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि कुणाला न सांगता तो चपला शोधत दाराकडे निघाला.

“डोक्या सांभाळ रे,” मागून आवाज आला.

तो चटकन वाकला. तुळई त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आपल्याला, असं वाटून त्याच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि तसाच वाकलेला तो मागे वळला. जाईबाई त्याच्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती.